डीकन नेमके काय करतात? आपापल्या मंडळीतलं सांगा

मुळामुठा (धागाकर्ती)

सर्वांना सलाम.

आमच्या पुण्यातल्या मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) सध्या एक सूचना चर्चेत आहे. उपासनेत पाळकांच्या मदतीला आणि मंडळीतल्या अडल्यानडल्यांकडे बघायला काही माणसं नेमावीत, त्यांना डीकन म्हणावं, असं पास्टरेट कमिटीपुढे (मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीपुढे) आलंय. मला सूचना मनापासून आवडली. पण पहिल्या बैठकीचा सगळा वेळ त्यांनी झगा घालायचा की नाही, प्रभुभोजनाच्या (भाकर आणि द्राक्षारस वाटण्याच्या विधीच्या) वेळी प्याला कोणी धरायचा आणि पुढच्या बाकावर कोणी बसायचं यातच गेला. मंडळीत आज मदतीची गरज कोणाला आहे, हा विषय निघालाच नाही.

घरी येऊन बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय पुन्हा काढला. यरुशलेमच्या मंडळीत रोज अन्नाची वाटणी व्हायची. त्यात ग्रीक बोलणाऱ्या यहूदी विधवा मागे राहत होत्या, म्हणून कुरकुर सुरू झाली. प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना गप्प बसवलं नाही. सगळ्यांना एकत्र बोलावलं, तुम्हीच सात माणसं निवडा म्हणाले, आणि निवडलेल्यांवर हात ठेवून प्रार्थना केली. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सातही नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांच्या विधवा उपाशी राहत होत्या, बहुधा त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटणी सोपवली गेली.

आमच्याकडे तीन-चार पिढ्यांची जुनी घरं आहेत आणि जालना, बीड, परभणीकडून कामासाठी आलेली कुटुंबंही आहेत. ही नवी माणसं मागच्या बाकांवर बसतात आणि आशीर्वाद झाला की निघून जातात. डीकन म्हणून सुचवलेली नावं मात्र सगळी जुन्या घरांतली. मला हे फार खुपतंय.

तुमच्याकडे डीकन असतात का? त्यांना निवडतं कोण, आणि रविवार सोडून बाकीच्या दिवशी ते काय करतात? कोणत्याही चर्चचे असा, लिहा. पुढच्या बैठकीत काही ठोस घेऊन जायचं आहे.


पानगळ

मी ख्रिस्ती नाही, पण एक प्रश्न खूप दिवस मनात आहे तो इथे विचारतो. वांद्र्याला मित्राच्या लग्नाला गेलो होतो, कॅथलिक लग्न. विधी ज्यांनी लावला ते अंगरख्यात होते, सुंदर बोललेही. नंतर जेवताना कळलं की ते एका कंपनीत नोकरी करतात आणि शेजारी बसलेल्या बाई त्यांच्या पत्नी. कॅथलिक फादर लग्न करत नाहीत ना? मग हे कोण?


वसईची_वाट

@पानगळ, ते फादर नव्हते, डीकन होते. तुम्ही पाहिलेत ते कायमस्वरूपी डीकन. मुंबईच्या महाधर्मप्रांतात असे विवाहित डीकन आहेत.

आमच्याकडे दोन प्रकार आहेत. पहिल्यात सेमिनरीतला मुलगा येतो. वसईतल्या घरांना हा ओळखीचा, कारण गावातला मुलगा फादर व्हायच्या आधी साधारण वर्षभर डीकन असतो. एखाद्या धर्मग्रामात (एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत) त्याला पाठवतात, तो प्रवचनं करतो, बाप्तिस्मा देतो, आणि मग धर्मगुरुपदाची दीक्षा होते. दुसरा प्रकार म्हणजे जो डीकन म्हणूनच आयुष्यभर राहणार तो. त्याचं लग्न झालेलं असू शकतं, मात्र दीक्षेच्या आधी. वय किमान ३५ हवं आणि पत्नीची संमती हवी. संमतीशिवाय दीक्षा नाही. पुढे पत्नी वारली तर तो सहसा दुसरं लग्न करू शकत नाही. अविवाहित असेल तर वयाची अट २५ आणि त्यानंतर ब्रह्मचर्य.

डीकन शुभवर्तमान वाचतो, प्रवचन करतो, बाप्तिस्मा देतो, लग्न लावतो, दफनविधी चालवतो, आजाऱ्यांकडे कम्युनियन (प्रभुभोजनाची भाकर) नेतो. मिस्सा (प्रभुभोजनाची मुख्य उपासना) अर्पण करणं, पापनिवेदन (कन्फेशन) ऐकणं आणि आजाऱ्यांना तेल लावण्याचा संस्कार ही कामं धर्मगुरूंची. वेदीजवळ ओळखायचं असेल तर त्याचा पट्टा डाव्या खांद्यावरून उजव्या कुशीकडे तिरका जातो.

मुळामुठाताई, आता तुमच्या मुद्द्याकडे. पश्चिमेकडच्या चर्चमध्ये आयुष्यभराचं डीकनपद शेकडो वर्षं जवळजवळ संपलेलं होतं. फक्त फादर होण्याच्या वाटेवरची पायरी एवढंच उरलं होतं. ते परत यावं हा विचार कुठे रुजला, तर डाखाउच्या छळछावणीत. नाझींनी तिथे शेकडो धर्मगुरू कोंडले होते. त्यांच्यातले काहीजण बराकीत आपसांत बोलायचे, की चर्च लोकांच्या रोजच्या जगण्यापासून एवढं लांब कसं गेलं, आणि कारखान्यात, बाजारात, घरात राहणारे दीक्षित सेवक असते तर काय झालं असतं. जे जिवंत बाहेर आले त्यांनी हे लिहून काढलं. कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये दार उघडलं आणि १९६७ मध्ये पोप सहावे पॉल यांनी नियम केले. आज जगभरात असे डीकन ५० हजारांच्या आसपास आहेत. भारतात फारच थोडे.

म्हणून झग्याच्या चर्चेने मलाही वाईट वाटलं. ज्या माणसांनी उपासमारीत बसून हे पद परत मागितलं, त्यांच्या डोळ्यांपुढे झगा नव्हता.


पानगळ

धन्यवाद! फारच नीट समजावलंत. पत्नीच्या संमतीची अट विशेष आवडली. वाचतोय.


शेवगावकर

सलाम. मी निवृत्त शिक्षक. नगर जिल्ह्यातला, सीएनआयचा (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा). आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर आहे, पण मी जुन्या गोष्टी सांगणार म्हणून नगर लिहितो.

आमच्याकडे डीकन या पदाचं काय झालं हे आजच्या तरुणांना ठाऊक नाही. अमेरिकन मराठी मिशन १८१३ साली मुंबईत आलं आणि १८३१ साली नगरला. हे मिशन काँग्रिगेशनल परंपरेचं. त्या परंपरेत प्रत्येक मंडळी आपला कारभार आपण बघते आणि आपले डीकन आपण निवडते. डीकन पगारी नसे, पाळक होण्याच्या वाटेवरही नसे. शेतकरी, शिक्षक, सुतार, कोणीही असे. पुढे १९२४ साली काँग्रिगेशनल आणि प्रेसबिटेरियन एकत्र येऊन युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झाली. मग २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा चर्च मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले) लोकही त्यात आले आणि बिशप, प्रेसबिटर (दीक्षित पाळक), डीकन अशी त्रिस्तरीय रचना सगळ्यांना लागू झाली.

ऐक्य ही देवाची मोठी कृपा होती, त्याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण गावोगावचा निवडलेला डीकन त्यात विरून गेला. आता आमच्याकडे डीकन म्हणजे सेमिनरी करून आलेला, दीक्षा झालेला आणि प्रेसबिटर होण्याची वाट बघणारा तरुण. तो बिचारा एका ठिकाणी रुळतो न रुळतो तोच पुढे जातो.

माझे आजोबा जुन्या पद्धतीचे डीकन होते. कोरडवाहू जमीन होती, वाचता-लिहिता येत होतं. कापणीच्या सणाला लोक ज्वारी, बाजरी, कोंबड्या, भोपळे आणत, उपासनेनंतर लिलाव होई, त्याचा हिशेब आजोबांकडे. पण त्यांचं खरं काम संध्याकाळी असे. जेवणाच्या वेळेला ते वस्तीतून एक फेरी मारत. कोणाकडे काही विचारायचे नाहीत, नुसते दारात उभे राहून दोन शब्द बोलायचे. कोणाची चूल पेटलेली नाही हे त्यांना कळायचं. बहात्तरच्या दुष्काळात मी शाळकरी होतो. तोवर सीएनआय झाली होती, आजोबांना कागदोपत्री काही पद नव्हतं, तरी वस्ती त्यांना डीकनच म्हणे. रोजगार हमीच्या खडी फोडायच्या कामावर जाणाऱ्या बायांपैकी कोण आजारी पडली, कोणाची हजेरी बुडाली आणि त्या घरी मिलो (दुष्काळात वाटलेली लाल ज्वारी) पोचली का, याची त्यांना खबर असायची. आपल्या माणसांबरोबर शेजारच्या मातंग आणि धनगर घरांचीही असायची.

त्यांनी एक वही ठेवली होती. घरातल्या माणसांची नावं, काय अडचण, कोण भेटून आलं, पुन्हा कधी जायचं. पैशाची वही वेगळी, ती कमिटीपुढे जाई. ही पहिली वही मात्र पाळकांशिवाय कोणालाही दाखवत नसत. बायबलमध्ये तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात प्रेषित पौल सांगतो की सेवक दुतोंडे नसावेत, द्रव्यलोभी नसावेत. मला त्या अटींचा अर्थ आजोबांकडे बघून कळला. जो माणूस घराघरांत जातो आणि ज्याच्या हातात पैसा असतो, त्याची जीभ आणि त्याचा हात हे दोन्ही आधी पारखावे लागतात.


मुळामुठा

शेवगावकर काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. दोन वह्यांची कल्पना मी थेट उचलते आहे. आमच्याकडे मदतीच्या रकमा नावानिशी वार्षिक अहवालात छापल्या जायच्या. एका विधवा बाईंनी त्यामुळे मदत घेणंच बंद केलं.


कोट्टयम_ते_कल्याण

नमस्कार. माझं घराणं केरळच्या सुरियानी ख्रिस्ती लोकांतलं, जन्म आणि शाळा कल्याणची. आमच्याकडे डीकनला शेम्माशन म्हणतात. आमची आराधना त्याच्याशिवाय अपुरी वाटते. लोक आणि वेदी यांच्यामध्ये तो उभा असतो, उभे राहा, प्रार्थना करा, असं तो पुकारतो आणि लोक उत्तर देतात. ग्रीक आणि रशियन ऑर्थोडॉक्स चर्चमध्येही असंच असतं. तेव्हा मुळामुठाताई, वेदीजवळचं काम हलकं समजू नका. दुसऱ्या शतकात जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने रोमच्या मंडळीची उपासना कशी चाले ते लिहून ठेवलंय. डीकन उपस्थितांना भाकर आणि द्राक्षारस देत आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी नेऊन देत. म्हणजे वेदीपासून आजाऱ्याच्या खाटेपर्यंत एकच माणूस चालत जात होता. ती चाल तोडली की दोन्ही बाजू सुकतात.

पण एक इशारा द्यायचा आहे. ज्याच्या हाती वाटणी, त्याच्या हाती हळूहळू सत्ता येते.

रोमचंच बघा. २५१ च्या सुमारास तिथले बिशप कॉर्नेलियस यांनी एका पत्रात आपल्या मंडळीची मोजदाद दिली आहे. ४६ प्रेसबिटर, डीकन फक्त ७, आणि मंडळी ज्यांना पोसत होती अशा विधवा आणि गरजू माणसं १५०० हून जास्त. सात माणसांच्या हातात एवढा कारभार! त्यांचं वजन किती वाढलं असेल याचा अंदाज करा. ३२५ मध्ये निकियाला भरलेल्या बिशपांच्या परिषदेला १८ वा नियम करावा लागला, की डीकनांनी आपली पायरी ओळखावी, प्रेसबिटरांना प्रभुभोजन वाटू नये, त्यांच्यामध्ये बसू नये. (त्याच परिषदेला अलेक्झांड्रियाच्या बिशपांबरोबर अथनेशियस (पुढचे नामवंत धर्मशास्त्री) आले होते, तेही तेव्हा डीकनच होते.) नंतर रोमचे कितीतरी बिशप (म्हणजे पोप) थेट डीकनांतून निवडले गेले. थोरले लिओ ४४० मध्ये निवडले गेले तेव्हा डीकनच होते.

आमच्या केरळात तर आणखी पुढची गोष्ट घडली. बिशप पर्शियाकडून यायचे, त्यांना इथली भाषा यायची नाही. संस्कार ते करत आणि समाजाचा कारभार आर्चडीकन (मुख्य डीकन) बघत. हे पद पकलोमट्टम घराण्यात चालत आलं. राजे लोकही समाजाचा प्रमुख म्हणून आर्चडीकनशीच बोलत. गोव्याचे आर्चबिशप आलेक्सु द मेनेझिस १५९९ मध्ये उदयंपेरूरला धर्मसभा घ्यायला आले, तेव्हा त्यांना सगळ्यात आधी वळवावं लागलं ते आर्चडीकनला. आणि ३ जानेवारी १६५३ रोजी मट्टांचेरीला लोकांनी कूनन क्रूसाची शपथ घेतली, पोर्तुगीज जेझुइट धर्मगुरूंचं ऐकणार नाही म्हणून, तेव्हा पुढे होते आर्चडीकन थोमा. त्याच वर्षी बारा धर्मगुरूंनी त्यांच्यावर हात ठेवले आणि ते पहिले मार थोमा (बिशप) झाले.

आम्हाला त्याचा अभिमान आहे. पण त्या मोठ्या इतिहासात वाटणीची, विधवांची गोष्ट कुठे गेली असा प्रश्न मला लहानपणापासून पडत आला आहे. आर्चडीकन लढले, राखणदार झाले, पण आज आमच्या चर्चमध्ये बहुतेक शेम्माशन म्हणजे धर्मगुरू होण्याच्या वाटेवरचे तरुणच असतात. तीच अडचण वसईची_वाट आणि शेवगावकर काका सांगताहेत. तीन वेगळ्या परंपरा, आणि तिन्हीकडे डीकन एका पायरीवर येऊन थांबला.


गुलबक्षी

इतकं छान चाललंय, पण अजून एकाही बाईचं नाव आलं नाही, म्हणून मी लिहिते.

रोमकरांस पत्र, सोळावा अध्याय, पहिलंच वचन. पौल फीबीची ओळख करून देतो. ती किंख्रियाच्या मंडळीची सेविका आहे, तिला लागेल ती मदत करा, तिने पुष्कळांना आणि मलाही मदत केली आहे, असं तो लिहितो. सीरियाच्या भागात तिसऱ्या शतकात स्त्री-डीकन स्त्रियांच्या बाप्तिस्म्याच्या वेळी मदत करत आणि आजारी बायकांच्या घरी जात, कारण तिथे पुरुषाने जाणं बरं दिसत नसे. ४५१ मध्ये खाल्सेदोनला भरलेल्या बिशपांच्या परिषदेने स्त्री-डीकनचं वय किमान ४० असावं असा नियम केला. पद नसतं तर वयाची अट कशाला घातली असती?

मी नर्स आहे, मिरजेला शिकले. आमच्या व्यवसायाचा या पदाशी जवळचा संबंध आहे. १८३६ साली जर्मनीत कायझर्सवर्थ इथे पास्टर थिओडोर फ्लीडनर आणि त्यांच्या पत्नी फ्रिडेरिके यांनी डीकनेसचं (स्त्री-डीकनचं) घर सुरू केलं. साध्या घरातल्या अविवाहित मुलींना तिथे रुग्णसेवा शिकवत, मंडळीकडून नेमणूक होई, राहण्या-जेवण्याची आणि म्हातारपणाची सोय होई. फ्लोरेन्स नाइटिंगेल १८५१ मध्ये तिथे शिकायला जाऊन राहिल्या होत्या. इंग्लंडच्या चर्चने १८६२ मध्ये एलिझाबेथ फेरार्ड यांना डीकनेस केलं.

आता व्यवहाराचं. मुळामुठाताई, तुमच्या नव्या कुटुंबांत घरकामाला जाणाऱ्या बाया असतील. पाळीचा त्रास, गर्भपात, नवऱ्याची मारहाण, हे त्या कोणाला सांगणार? कमिटीतल्या काकांना? वॉर्डात माझ्यासमोर किती बायकांनी आधी खोटं कारण सांगितलं आणि पुरुष बाहेर गेल्यावर खरं. तुमच्या यादीत निम्म्या बाया नसतील तर निम्मी गरज तुम्हाला कधी कळणारच नाही. सीएनआयमध्ये बाईला प्रेसबिटर होता येतं, मग सेवेच्या कामाला कोणी हरकत घेण्याचं कारणच नाही.


वसईची_वाट

@गुलबक्षी, तुमचं म्हणणं मनाला भिडलं. आमच्या चर्चमध्ये आज स्त्रियांना ही दीक्षा मिळत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ आणि पुन्हा २०२० मध्ये अभ्यासासाठी आयोग नेमले होते. प्राचीन काळी त्या स्त्रियांना मिळायची ती पुरुषांसारखीच दीक्षा होती की वेगळा आशीर्वाद, यावर अभ्यासकांत एकमत नाही. मी चर्चच्या निर्णयाला बांधील आहे. पण आमच्या धर्मग्रामात आजाऱ्यांकडे, एकट्या म्हाताऱ्यांकडे जाणारं कोण आहे असं विचाराल तर सिस्टर आणि गावच्या बायाच आहेत, हे मी उघड सांगेन.


कोट्टयम_ते_कल्याण

ऑर्थोडॉक्स जगातली एक बातमी इथे जोडतो. अलेक्झांड्रियाच्या ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चने मे २०२४ मध्ये झिंबाब्वेत एका स्त्रीला डीकनेसची दीक्षा दिली. आफ्रिकेतल्या वाढत्या मंडळ्यांची गरज हेच त्यामागचं कारण होतं.


शेवगावकर

गुलबक्षीताई, शंभर टक्के सहमत. माझी आजी आजोबांबरोबर फिरायची नाही, पण त्यांच्या वहीतली निम्मी माहिती तिच्याकडून आलेली असे. तिला कोणी डीकन म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं.

एका गोष्टीवर मात्र वसईकरांशी थोडा वाद घालतो. दीक्षा देऊन माणसाला आयुष्यभरासाठी डीकन करणं मला पटत नाही. लोकांनी निवडलेला माणूस लोकांना उत्तर देतो. ज्याला वरून दीक्षा मिळाली तो वरच्यांना उत्तर देतो. अन्नाची वाटणी करणाऱ्याने ज्यांना अन्न मिळतं किंवा मिळत नाही त्यांच्यासमोर उभं राहायला हवं.


वसईची_वाट

शेवगावकर सर, आदर ठेवून उत्तर देतो. निवडलेला माणूस निवडून देणाऱ्यांना सांभाळायला लागतो. तुमच्या आजोबांसारखे सगळे नसतात. ज्या घरांची मतं जास्त, त्यांच्याकडे वाटणी आधी जाते. दीक्षा झालेला डीकन बिशपांपुढे आज्ञापालनाचं वचन देतो. गावातलं मोठं घर नाराज झालं म्हणून त्याला काढता येत नाही. रोमचे लॉरेन्स आठवा. २५८ साली सम्राट व्हॅलेरियनच्या छळात पोप दुसरे सिक्स्टस मारले गेले. परंपरा सांगते की अधिकाऱ्याने लॉरेन्सकडे चर्चचा खजिना मागितला, तेव्हा त्यांनी होतं नव्हतं ते वाटून टाकलं आणि गरीब, लुळेपांगळे गोळा करून समोर उभे केले, हाच खजिना म्हणून. जीव गेला. मतांवर उभ्या असलेल्या माणसाला हे जमणं अवघड आहे.

आणि कृत्यांच्या सहाव्या अध्यायात दोन्ही आहे ना? निवडलं लोकांनी, हात ठेवले प्रेषितांनी.


शेवगावकर

हे शेवटचं वाक्य मान्य. दोन्ही हवं.


डॅलसकर

उशिरा येतोय. मी मूळचा सोलापूरचा, इथे टेक्ससमध्ये एका बॅप्टिस्ट चर्चमध्ये जातो. बॅप्टिस्ट मंडळ्यांत दोनच पदं, पाळक आणि डीकन. डीकन मंडळी निवडते, आणि पुष्कळ ठिकाणी हात ठेवून प्रार्थनाही करतात.

आमच्याकडची दुखरी जागा वेगळी आहे. कितीतरी चर्चमध्ये डीकनांची सभा म्हणजे कंपनीचं संचालक मंडळ होऊन बसलं. इमारतीचं कर्ज, पार्किंग, पाळकाचा पगार, पाळकाला ठेवायचं की काढायचं. मी पाहिलेल्या एका मंडळीत डीकन वर्षानुवर्षं तेच, आणि कोण आजारी आहे हे त्यांना बुलेटिन (मंडळीचं छापील पत्रक) वाचून कळायचं. तिथून लोक गळत गेले.

आता आम्ही ज्या चर्चमध्ये आहोत तिथे कुटुंबं वाटून दिलेली आहेत. प्रत्येक डीकनकडे दहा-पंधरा घरं. बाळंतपण, नोकरी जाणं, दवाखाना, मयत, आधी फोन त्याला. मंडळीत नवीन आलेल्या कुटुंबाला त्याच आठवड्यात डीकन भेटून येतो. भारतातून नवीन आलेल्या दोन मराठी कुटुंबांना इथे पहिल्या थंडीत गरम कपडे आणि गाडी शिकवायला माणूस मिळाला तो यातूनच.


मुळामुठा

सगळ्यांचे मनापासून आभार. बैठकीत मांडायला मी असं लिहून काढलंय, बघून सांगा.

झगा, प्याला, बसण्याची जागा हे विषय सहा महिने पुढे ढकलायचे. कोट्टयम_ते_कल्याण यांचं म्हणणं पटलं, म्हणून एवढं मात्र आत्ताच घालते: प्रभुभोजनाला जे अंथरुणाला खिळल्यामुळे येऊ शकत नाहीत त्यांच्या घरी पाळकांबरोबर या सेवकांपैकी एकजण त्याच दिवशी जाईल. नावं मंडळीने सुचवायची, कमिटीने नव्हे, आणि निम्मी बायांची. नव्या कुटुंबांतली निदान दोन-तीन नावं असल्याशिवाय निवड पुरी झाली असं धरायचं नाही. हे वाक्य वाचल्यावर आवाज चढतील, मला ठाऊक आहे. पण सात ग्रीक नावं त्यांच्यासमोर वाचणार आहे. घरं वाटून द्यायची, वह्या दोन. विवाहित असेल तर घरी विचारून यायचं, कारण रात्री-अपरात्रीचे फोन घरच्यांनाही झेलावे लागतात. निवड झाली की पाळकांनी सगळ्या मंडळीसमोर हात ठेवून प्रार्थना करायची.

दीक्षित डीकन हा बिशपांच्या अखत्यारीतला विषय आहे. त्याला धक्का लागू नये म्हणून आम्ही यांना सध्या सेवक म्हणू. नावावरून भांडण नको.


गुलबक्षी

उत्तम. दोन गोष्टी जोडा. घरी जाताना शक्यतो दोघांनी जावं, त्यात एक बाई हवीच. आणि मारहाणीचं किंवा लहान मुलाला धोका असल्याचं कळलं तर ते वहीत ठेवून गप्प बसायचं नाही, पाळकांना सांगून पुढची मदत मिळवायची. गुप्तता आणि लपवाछपवी यांतला फरक सेवकांना पहिल्याच दिवशी समजावून सांगा.


डॅलसकर

मुदतही लिहून घ्या. आमच्याकडे तीन वर्षं, मग एक वर्ष सक्तीने बाहेर. त्या वर्षात आपली घरं दुसऱ्याच्या हाती द्यायची आणि तो कसा सांभाळतो त्यात बोलायचं नाही. चांगल्या माणसांनाही हे जड जातं, म्हणून मंडळीच्या नियमांतच असलेलं बरं.


शेवगावकर

मुदतीला माझा पाठिंबा. मुळामुठाताई, वहीच्या रकान्यांचा नमुना हवा असेल तर व्यक्तिगत निरोप करा, आजोबांच्या वहीचं एक कोरं पान माझ्याकडे आहे, फोटो काढून पाठवतो. आणि बैठकीत काय ठरलं ते इथे नक्की लिहा. आमच्या तालुक्यातल्या दोन मंडळ्या हा धागा वाचताहेत.